मेळ

छत्तीस वर्षं पतपेढीत खतावण्या लिहिल्या,
नौपाड्यात, जिन्याखालच्या टेबलाशी.
फरकाला नऊने भाग गेला की समजायचं,
कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, छत्तीसचे त्रेसष्ट.
एवढं एक शास्त्र मला येतं.

आता मनगटावर बँड आहे.
मृण्मयी बाळंतपणाला आली, तिने बांधला,
माझ्या पोटाकडे बघत, स्वतःचं विसरून.
बँड पावलं मोजतो, फोनमधलं अ‍ॅप घास मोजतं,
आणि रोज रात्री दोघांनी एकमेकांना
हिशेब द्यायचा, असा करार.
सिंक म्हणतात त्याला.
आम्ही विचारायचो, शाखेची कीर्द आली का?

पहिल्याच आठवड्यात मेळ बसेना.
कचराळी तलावाला तीन फेऱ्या मारल्या,
त्या बँडने जमा केल्या, फोननेही केल्या,
आणि अ‍ॅपने दोघांवर विश्वास ठेवून
मला एका संध्याकाळी सहा फेऱ्या चालवलं.
शिल्लक निघाली भलतीच.
ती मी खाल्ली. दोन घावन, नारळाच्या रसात.
अ‍ॅपला घावन ठाऊक नव्हतं,
‘तांदूळ, इतर’ म्हणून नावे टाकलं.
कुमुद म्हणाली,
जन्मभर लोकांचे पैसे मोजलेत,
एक पै खाल्ली नाहीत,
आणि आता?

दुसऱ्या दिवशी फोनचं मोजणं बंद केलं,
जरा हळहळत.

तरी फरक राहिलाच.
मंगळवारी बाबागाडी घेऊन निघालो.
नातीला अजून नाव नाही,
बारसं जावयाच्या रजेवर अडलंय.
तळ्याला दोन फेऱ्या, मग पाचपाखाडीतून वळसा,
गाडीचं एक चाक सारखं कुरकुरत होतं.
बाकावरून गुप्ते ओरडले, ओव्हरलोड, ओव्हरलोड!
तिला म्हणाले की मला, कळलं नाही.
घरी येऊन पाहतो तर
पावलं एकशे चार.
पुन्हा सिंक केलं.
ब्लूटूथ बंद करून चालू केलं.
बँड काढून तळहातावर आपटला,
पूर्वी कॅलक्युलेटर आपटायचो तसा.
एकशे चार.

आणि त्याच तारखेत, जरा वर,
पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
सहाशे बारा.

झोपेत कुठे जाऊन आलो मी?
सहाशे बाराला नऊने भागून पाहिलं, सवयीने.
भाग गेला.
पण इथे लिहिणारं कोणी नव्हतं.

मग आठवलं.
खिडकीशी उभा होतो, जागचा हललो नव्हतो.
पोटात कळ येऊन ती रडत होती,
मृण्मयीचा नुकता कुठे डोळा लागलेला,
आणि मी तिला खांद्यावर टाकून
पाठीवर थोपटत होतो.
खाली वॉचमन खुर्चीत मान टाकून,
समोरच्या इमारतीत एकच दिवा.
हात हलत होता, बँडला वाटलं चाललाय माणूस.
संध्याकाळी तोच हात
गाडीच्या दांड्यावर घट्ट,
बँडला वाटलं बसलाय.

नियमाने ही नोंद चूक.
चुकीची नोंद लाल शाईने खोडायची, बाजूला सही,
दुरुस्ती त्याच दिवशी.
कित्येक शिकाऊ पोरांना मी हे घोकवलंय.
अ‍ॅपमध्ये ‘काढून टाका’ असं बटण आहे,
अंगठा तिथवर नेला.
लेखापरीक्षक बसले असते समोर
तर चष्म्यावरून बघत विचारलं असतं,
सहाशे बारा पावलं, बरं,
कुठून कुठपर्यंत?

फोन उपडा ठेवला.
त्याच्या चोवीस कॅलरी जमा झाल्यात.
कुमुदला विचारलं, चोवीसमध्ये काय येतं गं?
ती वरण वाढत होती.
म्हणाली, बोटभर तूप.
ताट पुढे करा.